लिलिपाँडमधलं ल्यूट टॅब्लेचर: अक्षरं वाचता येतात का?

लिलिपाँड हे पाश्चात्त्य स्वरलेखनाची छापील पानं तयार करणारं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. संगीत साध्या मजकुरात टंकायचं, प्रोग्राम चालवायचा, पीडीएफ हाती येते. ल्यूट हे छेडून वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य, आणि टॅब्लेचर म्हणजे स्वराऐवजी कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबायचा ते लिहिण्याची पद्धत. ल्यूटच्या फ्रेंच टॅब्लेचरची सोय लिलिपाँडमध्ये आहे. हे परीक्षण लिलिपाँडच्या २.२४ या मालिकेचं आणि एकाच मुद्द्यापुरतं आहे: छापलेली अक्षरं स्टँडवरून, वाद्य हातात असताना, न अडखळता वाचता येतात का? जुन्या ल्यूटसंगीताच्या आवृत्त्यांमध्ये संपादन उत्तम आणि अक्षरं वाईट असं फार वेळा दिसतं. वादकाला त्रास होतो तो अक्षरांचा.

निष्कर्ष आधीच सांगतो. लिलिपाँड जसं मिळतं तसं वापरलं, तर टॅब्लेचरचं पान वाचायला खराब निघतं. दहा-अकरा अक्षरांचा स्वतःचा फॉन्ट करून त्याला दिला आणि चार-पाच मूल्यं बदलली, तर मोफत साधनांमध्ये याहून चांगलं पान आमच्या पाहण्यात नाही. फॉन्ट करायला फाँटफोर्ज लागतं, तेही मोफतच आहे. म्हणून हे परीक्षण दोघांचं मिळून आहे.

ज्यांना फ्रेंच टॅब्लेचर नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या, सगळ्यात वरची रेघ सगळ्यात उंच आवाजाच्या जोडीची. मोकळी तार 'ए', पहिला पडदा 'बी', दुसरा 'सी', असं पुढे. 'जे' वापरत नाहीत, त्यामुळे आठवा पडदा 'आय', नववा 'के', दहावा 'एल'. सहापेक्षा जास्त जोड्या असतील तर खर्जाच्या तारा रेघांच्या खाली लिहितात: सातवी नुसता 'ए', आठवी एक तिरकी रेघ आणि 'ए', नववी दोन, दहावी तीन, आणि अकरावीपासून ४, ५, ६ असे आकडे. तेरा जोड्यांच्या बरोक ल्यूटचं सगळं संगीत एवढ्या चिन्हांत मावतं. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे येतात आणि रेघांचा क्रम बहुधा उलटा असतो, तो विषय इथे घेतलेला नाही.

चिन्हं मोजकी आहेत म्हणून काम सोपं असेल असं वाटतं, पण तसं नाही. पुस्तक वाचताना एखादं अक्षर पुसट असलं तरी शब्दावरून ते कळतं. टॅब्लेचरमध्ये शब्दच नाही, प्रत्येक अक्षर एकटं उभं असतं. 'सी'च्या जागी 'ई' वाचला की बोट दोन पडदे पुढे, म्हणजे पूर्ण एक स्वरांतर चुकलं. त्यात अंतराची भर पडते. साध्या पुस्तकात लहान अक्षराची मूळ उंची, म्हणजे 'ए', 'सी', 'ई' यांची उंची, साधारण १.६ मिलिमीटर असते आणि पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलेलं असतं. स्टँड ७० सेंटिमीटरवर असतो. तिथे १.७५ मिलिमीटरचं अक्षरसुद्धा डोळ्याला पुस्तकातल्या अक्षराच्या दोनतृतीयांशांहून लहान दिसतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण रेघेची. अक्षर रेघेवर मधोमध बसवलं की रेघ त्याच्या बरोबर मध्यातून जाते, आणि 'ई'ची आडवी दांडी नेमकी तिथेच असते. दांडी रेघेत विरघळते आणि उरतो तो 'सी'. उलट बाजूने 'सी'च्या पोटातून रेघ गेली की त्याचा 'ई' होतो. आपल्याकडे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' हे शिरोरेषेतल्या छोट्याशा खंडावर वेगळे ओळखू येतात, ती शिरोरेषा कुणी पट्टीने सलग ओढली तर जे होईल तेच इथे होतं. जुन्या लेखनिकांनी याला तोड काढली होती: 'सी' असा लिहायचा की तो जवळजवळ 'आर'सारखा दिसेल, उभी दांडी आणि वर उजवीकडे झुकलेली छोटी फांदी. पोटच नाही, त्यामुळे रेघ कुठूनही गेली तरी 'ई'चा भास होत नाही. इंग्लंडमधल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या हस्तलिखितांत हा 'सी' सर्रास दिसतो.

लिलिपाँडच्या कर्त्यांना हे ठाऊक आहे. त्यांच्या पुस्तिकेतल्या ल्यूटच्या उदाहरणात 'सी'च्या जागी चक्क 'आर' दिलेला आहे. हे 'फ्रेटलेबल्स' नावाच्या यादीतून होतं: कोणत्या पडद्याला कोणतं चिन्ह, ते क्रमाने लिहायचं. ही यादी द्यायलाच हवी. ती दिली नाही तर प्रोग्राम वर्णमालेतली अक्षरं ओळीने घेतो आणि नवव्या पडद्याला 'जे' छापतो, मग पुढची सगळी अक्षरं एका घराने चुकतात. पुस्तिकेतली यादी 'के'पाशी, म्हणजे नवव्या पडद्यापाशी संपते. ती तशीच उचलली आणि संगीतात दहावा पडदा आला, तर प्रोग्राम इशारा देतो आणि अक्षराच्या जागी टिंब छापतो. टॅब्लेचरमध्ये टिंब म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनीची खूण, त्यामुळे छापील पानावर ही चूक पटकन लक्षात येत नाही. यादी 'एन'पर्यंत, म्हणजे बाराव्या पडद्यापर्यंत भरून ठेवावी.

पण साध्या छपाईच्या फॉन्टमधला 'आर' 'सी'च्या जागी बसवणं हा अर्धाच उपाय आहे. त्या 'आर'ची फांदी आखूड असते, पायाला आडवी पट्टी असते, आणि ओळीत वारंवार येणारं हे अक्षर बाकीच्यांपेक्षा अरुंद आणि फिकं पडतं. इथून स्वतःच्या फॉन्टची गरज सुरू होते.

आधी मापं, कारण ती ठरल्याशिवाय आकार काढण्यात अर्थ नाही. लिलिपाँडमध्ये स्वरपट्टीचा मूळ आकार २० असतो, त्यात टॅब्लेचरच्या दोन रेघांमधलं अंतर २.६४ मिलिमीटर येतं. हे कमी आहे. आकार २३ केला की ते ३.०३ मिलिमीटर होतं, आणि सहा रेघांची पट्टी १५ मिलिमीटरच्या आसपास जाते. ल्यूटसाठी हे माप चांगलं. टॅब्लेचरची अक्षरं प्रोग्राम मूळ मजकुरापेक्षा दोन पायऱ्या लहान घेतो, २३ आकारात ती साधारण १० पॉइंटची होतात, म्हणजे फॉन्टचा पूर्ण चौकोन ३.५ मिलिमीटर. फाँटफोर्जमध्ये हा चौकोन १००० एककांचा धरला तर एक एकक ०.००३५ मिलिमीटर. आता हिशेब सरळ होतो: मूळ उंची ५०० एककं ठेवली की छापून १.७५ मिलिमीटर, वर जाणाऱ्या दांड्या ७४० एककं म्हणजे २.६ मिलिमीटर, 'जी'चं शेपूट खाली १५० एककं.

हे प्रमाण पुस्तकी फॉन्टपेक्षा बरंच वेगळं आहे. गॅरामॉन्ड वळणाच्या फॉन्टमध्ये मूळ उंची चौकोनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असते. तो फॉन्ट १० पॉइंटला लावला तर 'ए' १.४ मिलिमीटरचा होतो, आणि मोठा करायला गेलं तर 'डी', 'एफ', 'एच' यांच्या दांड्या वरच्या रेघेत घुसतात. सुंदर जुना फॉन्ट घेऊन केलेल्या आवृत्त्या वाचायला त्रासदायक निघतात त्याचं कारण हेच आहे, फॉन्टच्या सौंदर्याचा त्यात काही दोष नाही.

रेघेची जाडी ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर असावी. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे रेघ तीन-साडेतीन ठिपक्यांची. अक्षराची सर्वांत बारीक जागा ०.२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ५७ एककांपेक्षा बारीक नको, आणि जाड जागा १२० एककांपर्यंत हवी. अक्षर रेघेपेक्षा स्पष्टपणे काळं असलं की नजर रेघेला मागे सोडून अक्षरावर जाते. लिलिपाँडची मूळ रेघ २३ आकारात याहून जाड येते, म्हणून 'स्टाफसिंबॉल'ची, म्हणजे पट्टीच्या रेघांची, 'थिकनेस' ०.७ करावी.

आता एकेक अक्षर. 'सी' आरसारखाच काढावा, पण फांदी लांब, जवळजवळ 'ए'च्या रुंदीइतकी, शेवटी थोडी जाड, आणि पाय साधा. 'ई'ची दांडी आडवी न ठेवता उजवीकडे वर चढती ठेवावी. व्हेनिसमध्ये १४७०च्या सुमारास निकोला जाँसाँने कापलेल्या रोमन अक्षरांत अशी तिरकी दांडी आहे, आणि रेघेशी तिची कधीच गल्लत होत नाही. 'ई'चा डोळा मोठा ठेवावा, तो बुजला की अक्षर गेलं.

'ए' आणि 'डी' ही दुसरी धोक्याची जोडी. हस्तलिखित वळणाचा एकमजली 'ए' आणि उभ्या दांडीचा 'डी' यांत फरक फक्त दांडीचा, आणि ती दांडी वरच्या रेघेजवळ जाऊन दिसेनाशी होते. 'डी'ची दांडी डावीकडे मागे वळवावी, जुन्या इंग्रजी हातात असते तशी. मग दांडीचा वरचा भाग झाकला गेला तरी वळण ओळखू येतं. 'बी' आणि 'एच' खालून उघडे-बंद यावरच वेगळे ठरतात, म्हणून 'एच'चे दोन्ही पाय रेघेपर्यंत स्पष्ट उतरले पाहिजेत आणि 'बी'चं पोट पूर्ण बंद पाहिजे. 'एफ'ला खाली शेपूट देऊ नये. 'के' आणि 'एल' क्वचित येतात. ल्यूटच्या मानेवर बांधलेले पडदे आठ-नऊच असतात, त्यापुढचे लाकडी पडदे वाद्याच्या पोटावरच्या फळीवर चिकटवलेले असतात. या दोन अक्षरांवर फार वेळ घालवू नये, फक्त 'एल' म्हणजे खर्जाची तिरकी रेघ वाटू नये याची काळजी घ्यावी: 'एल' उभा आणि पायाशी वळलेला, खर्जाची रेघ ६० अंशांवर तिरकी आणि बारीक.

'आय'कडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि तो वादकाला खरा फसवतो. तर्जनीची खूण म्हणून अक्षराखाली टिंब देतात. वरच्या रेघेवरचं टिंब आणि खालच्या रेघेवरच्या 'आय'चं टिंब एकमेकांच्या जवळ येतात, आणि कोणतं कुणाचं ते कळत नाही. 'आय'चं टिंब गोल न ठेवता छोटा तिरका फटकारा करावा आणि बोटांची टिंबं शुद्ध गोल ठेवावीत.

फाँटफोर्जमधलं काम यानंतर फार नाही. इंकस्केप या चित्रं काढण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये १००० बाय १००० चं पान घेऊन, तळापासून २०० एककांवर पायाची रेघ धरून अक्षरं काढावीत, कारण फाँटफोर्जमध्ये वर ८०० आणि खाली २०० ही मूळ विभागणी असते. एसव्हीजी फाइल आयात करताना ती आपोआप ताणली जाणार नाही हे पाहावं, नाहीतर 'ए' आणि 'डी' एकाच उंचीचे होऊन बसतात. मग प्रत्येक अक्षरावर क्रमाने: एकमेकांवर आलेले आकार जोडणं, टोकाच्या ठिकाणी बिंदू घालणं, निर्देशांक पूर्णांकात आणणं आणि कडांची दिशा दुरुस्त करणं. ही शेवटची पायरी विसरली तर 'ई', 'ए' आणि 'डी' यांची पोटं छपाईत पूर्ण काळी भरतात. डाव्या-उजव्या बाजूला ६० ते ८० एककं मोकळी जागा ठेवावी, कारण अलंकारांच्या खुणा अक्षराला चिकटून येतात. फाइल एसएफडी या फाँटफोर्जच्या स्वतःच्या स्वरूपात जपावी आणि छपाईसाठी ओटीएफ काढावी. फाँटफोर्जची खिडकी जुनाट दिसते, मेनू गोंधळाचे आहेत, वक्र हाताळायला इंकस्केपच सोपं. पण तपासणीची साधनं पक्की आहेत, आणि अकरा अक्षरांसाठी विकतचं साधन घ्यायची काही गरज नाही.

तयार फॉन्ट लिलिपाँडला देताना बहुतेक जण अडकतात. 'टॅबनोटहेड' म्हणजे टॅब्लेचरचं अक्षर, त्याच्या 'फॉन्ट-नेम'मध्ये फॉन्टचं नाव द्यायचं, आणि फॉन्ट संगणकावर बसवलेला नसेल तर 'फॉन्ट-कॉन्फिग-ॲड-फॉन्ट'ने त्या फाइलचा पत्ता द्यायचा. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी प्रोग्राम थांबत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. उपलब्ध फॉन्टची यादी छापणारा पर्याय लिलिपाँडमध्ये आहे, तो चालवून नाव तिथूनच उचलावं. पीडीएफ झाल्यावर 'पीडीएफफॉन्ट्स' या छोट्या साधनाने आत नेमका कोणता फॉन्ट गेला ते पाहावं.

यानंतर जागेचा प्रश्न. लिलिपाँड अक्षरं रेघेवरच बसवतं आणि मागे पांढरी चौकट ठेवून रेघ तोडतं. एकटं अक्षर असेल तर हे चालतं. पाच-सहा तारांचा झंकार, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, आला की सगळ्या रेघा एकाच उभ्या पट्टीत तुटतात आणि कोणतं अक्षर कोणत्या रेघेचं हे मोजावं लागतं. चौकटीऐवजी अक्षराच्या कडेपुरतंच पांढरं ठेवण्याचा पर्याय आहे, तो जास्त बरा. आमची पसंती मात्र अक्षर रेघेच्या वर, घरात बसवण्याला आहे. त्यासाठी 'व्हाइटआउट', म्हणजे अक्षरामागचं पांढरं, बंद करायचं आणि 'एक्स्ट्रा-ऑफसेट'ने अक्षर वर उचलायचं. वरच्या मापांत दोन रेघांमधल्या अंतराच्या ०.३४ पट उचललं की अक्षराचा पाय रेघेच्या ०.१५ मिलिमीटर वर येतो आणि 'डी'ची दांडी वरच्या रेघेपासून पाव मिलिमीटरहून थोडी जास्त दूर राहते. 'जी'चं शेपूट स्वतःच्या रेघेतून खाली जातं, ते चालतं, कारण पोट मोकळं असतं. हे उचलणं प्रोग्रामच्या जागेच्या हिशेबात धरलं जात नाही, म्हणून वरच्या रेघेवरची अक्षरं लयीच्या खुणांना भिडतात. तिथलं अंतर हाताने वाढवावं लागतं. 'ए', 'डी', 'जी' एकाच रेघेवर ओळीने लावून त्यांचा पाया जुळतो का ते आधी पाहावं. जुळत नसेल तर फ्रेटलेबल्समध्ये नुसती अक्षरं न देता प्रत्येकाला 'विथ-डायमेन्शन्स'ने एकसारखी उंची-रुंदी द्यावी. या यादीत नुसत्या अक्षराऐवजी अशी सजवलेली चिन्हं चालतात, ही लिलिपाँडची फार उपयोगी गोष्ट आहे.

खर्जाच्या तारांचं काम चांगलं आहे. 'ॲडिशनल-बेस-स्ट्रिंग्ज'मध्ये त्यांचे स्वर दिले की तिरक्या रेघांचे 'ए' आणि पुढचे आकडे आपोआप, बरोबर क्रमाने येतात. बरोक काळातला जर्मन ल्यूटवादक सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस याच्या रचनांसारखं तेरा जोड्यांचं संगीत यात विनातक्रार बसतं. फॉन्टमध्ये ४, ५, ६ हे आकडे मात्र विसरू नयेत. ते नसले की तिथे दुसऱ्याच फॉन्टचे आकडे येतात आणि पान विजोड दिसतं.

लिलिपाँडची खरी कमजोरी लयीच्या खुणा. ल्यूटमध्ये लयीची खूण पट्टीच्या वर येते आणि लय बदलते तेव्हाच लिहितात. लिलिपाँडमध्ये पूर्ण लेखनाचा पर्याय आहे, पण तो गिटारच्या पद्धतीने अक्षरांना दांड्या लावतो. ल्यूटसारख्या खुणांसाठी वर वेगळी लयीची ओळ करून तिच्यातली स्वरशिरं लपवावी लागतात, आणि ती लय हाताने दुसऱ्यांदा टंकावी लागते. लांब रचनेत इथे चुका होतात. हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये असायला हवं.

या बाबतीत म्युझस्कोर हा स्वरलेखनाचा दुसरा मोफत प्रोग्राम पुढे आहे. तिथे अक्षरं की आकडे, रेघेवर की रेघेच्या वर, रेघा सलग की तुटक, लयीची खूण पुन्हा केव्हा छापायची, हे सगळं एका चौकटीत निवडता येतं, आणि ऐतिहासिक वळणाचे काही टॅब्लेचर फॉन्ट आधीच दिलेले आहेत. ज्याला शिष्यासाठी दोन पानं संध्याकाळपर्यंत हवीत त्याने म्युझस्कोर घ्यावं. पण त्या चौकटीत फॉन्ट दिलेल्या यादीतूनच घ्यावा लागतो. संपूर्ण संग्रह छापायचा असेल तर अक्षरांवरचा हा ताबा सोडणं परवडत नाही.

स्वतः अक्षरं काढायची नसतील तर ब्राव्हुरा हा फॉन्ट पाहावा. संगीतफॉन्टसाठीच्या स्मफल मानकात फ्रेंच ल्यूटच्या अक्षरांना राखीव जागा आहेत, आणि ब्राव्हुरामध्ये त्या भरलेल्या आहेत. त्याचा परवाना खुला आहे, त्यामुळे फाँटफोर्जमध्ये उघडून 'सी' आणि 'आय' बदलून घेता येतात, फक्त बदललेल्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागतं. ही अक्षरं नेहमीच्या 'ए', 'बी'च्या जागी नसून खास संकेतांकांवर आहेत, म्हणून फ्रेटलेबल्समध्ये ते संकेतांक द्यावे लागतात.

फॉन्ट झाला की चाचणीचं एक पान करावं: 'सी-ई-सी-सी-ई', 'ए-डी-ए', 'बी-एच-के' असे गट सहाही रेघांवर, शिवाय सहा अक्षरांचे चार-पाच झंकार आणि टिंबांसह 'आय'. ते छापावं, त्याची झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी, कारण बहुतेक वादकांकडे पान याच अवस्थेत पोहोचतं. मग ७० सेंटिमीटरवर, पिवळसर दिव्याखाली, फॉन्ट न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगावं. त्याला ल्यूट येण्याची गरज नाही. जे अक्षर तो दोनदा चुकीचं वाचेल ते फाँटफोर्जमध्ये परत न्यावं. तो 'सी'ला 'आर' म्हणेल, ते मात्र बरोबरच धरावं.

मराठीत टिपा किंवा प्रस्तावना जोडायची असेल तर अडचण येत नाही. लिलिपाँड मजकुरासाठी पँगो ही मजकूर मांडणारी प्रणाली वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. मजकुराला मुक्तासारखा खुला देवनागरी फॉन्ट वेगळा नेमून द्यावा.